वाफ सोडली की राग उतरतो का?

हिंजवडीच्या एखाद्या ऑफिसात थोडा वेळ नुसतं ऐकत बसा. वैतागलेला माणूस ‘लेट ऑफ स्टीम’ करायला खाली टपरीवर जातो, जोरात असलेली टीम ‘फायरिंग ऑन ऑल सिलिंडर्स’ असते आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळेच ‘रन आउट ऑफ स्टीम’ झालेले असतात. या वाक्प्रचारांच्या मागे खरीखुरी यंत्रं आहेत. ती कशी चालतात हे कळलं, की यातले दोन किती नेमके आहेत आणि तिसरा किती दिशाभूल करतो, ते लक्षात येतं.

आधी सिलिंडर. मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधन एकदाच पेटतं. चार सिलिंडर पाळीपाळीने पेटतात, म्हणून दर अर्ध्या फेरीला एक धक्का मिळतो आणि चाल एकसारखी राहते. त्यातला एक पेटेनासा झाला तर पाव ताकद जाते, शिवाय त्या निकामी पिस्टनला उरलेल्या तिघांना ओढत न्यावं लागतं. गाडी थरथरते. नाना पेठेतला मेकॅनिक आवाज ऐकूनच सांगतो, ‘मिसिंग मारतेय.’ म्हणजे हा वाक्प्रचार नुसत्या ताकदीचा नाही, तालाचाही आहे.

‘रन आउट ऑफ स्टीम’ समजून घ्यायला पुणेकरांना बोरघाटासारखी जागा नाही. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून तिथला चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे. रेल्वेच्या हिशेबात ही भिंतच. अशा चढावर पिस्टन वाफ भराभर पितात, पण बॉयलर तासाला ठरावीकच वाफ तयार करू शकतो. खर्च कमाईपेक्षा वाढला की दाब उतरत जातो. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या साठ्याच्या डब्यात, कोळसा असतो, पाणी असतं, भट्टी धगधगत असते, तरी गाडी थांबते. थोडा वेळ उभं राहू दिलं की दाब पुन्हा चढतो. दमलेल्या माणसाचं याहून चांगलं वर्णन मला माहीत नाही. त्याचं काही संपलेलं नसतं, फक्त वेग झेपत नसतो. घाटात यावर उपाय म्हणून मागून जादा इंजिनं लावत. वाफेची इंजिनं जाऊन विजेची आली, तरी कर्जतला आजही बऱ्याच गाड्यांना अशी इंजिनं जोडतात.

आता ‘लेट ऑफ स्टीम’. एक लिटर पाण्याची उघड्यावर साधारण १,७०० लिटर वाफ होते. तिला कोंडलं की भांडं फुटायची भीती. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये हाडंसुद्धा मऊ करणारं बंद झाकणाचं भांडं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. ते फुटू नये म्हणून त्याने वजनाने दाबलेली झडप योजली. दाब वाढला की झडप उचलली जाते, वाफ निसटते, झडप परत बसते. आपला प्रेशर कुकर याच घराण्यातला. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये ते १२० अंशांपर्यंत पोचतं.

पण शिट्टी झाली म्हणून खालचा गॅस बारीक होत नाही. झडप भांडं वाचवते, विस्तव तसाच राहतो. नेमकं इथेच वाक्प्रचाराने माणसांना फसवलं. मन म्हणजे बॉयलर, कोंडलेली भावना बाहेर पडली की मन शांत होतं, हे चित्र इतकं पटण्यासारखं होतं की ते मानसशास्त्रातही शिरलं. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी दबलेल्या भावनांना वाट करून देणारी उपचारपद्धती मांडली. तिथून ‘राग काढून टाका’ हा सल्ला घरोघरी पोचला.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये हा सल्ला तपासून पाहिला. ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवलं. मग काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले. २०२४ मध्ये बुशमन आणि सोफी शेरविक यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच दिसलं: शरीराची धग वाढवणाऱ्या कृतींनी एकंदरीत राग कमी होत नाही. संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी तो उतरतो. धावण्याने तर राग वाढण्याकडेच कल दिसला. तेव्हा भांडण झाल्या झाल्या तळजाईच्या टेकडीवर पळायला जाण्यापेक्षा दहा मिनिटं गप्प बसलेलं बरं. पळणं हृदयासाठी उत्तम आहे, ते दुसऱ्या दिवशी सकाळी करावं.