फरशी रात्रीतून उठते ती का?

आम्ही फरशी बसवण्याचं काम करतो. थंडीच्या दिवसांत आम्हाला बरेचदा सकाळी सकाळी फोन येतो : "रात्री मोठा आवाज झाला, भूकंप झाला असं वाटलं. उठून बघतो तर हॉलमधल्या दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या!" असं झालं तर घाबरू नका, स्लॅबला धोका नसतो. पण उठलेल्या टाइलवर पाय देऊन ती खाली दाबू नका. कडा फुटतात आणि काचेसारख्या कापतात.

नव्या इमारतीचं काँक्रीट सुकताना आकसतं, मीटरमागे साधारण ०.३ मिमी. थंडीतही ते टाइलपेक्षा जास्त आकसतं. खालचा स्लॅब आखडला, वरची टाइल आहे तेवढीच राहिली, की टाइल्स एकमेकींना रेटू लागतात. दोन फुटी दोन टाइल्सना मिळून फक्त १ मिमी जागा कमी पडली, तरी त्यांचा मधला सांधा जवळपास २४ मिमी वर उचलला जातो. विश्वास बसत नसेल तर टेबलावर दोन पत्ते टोकाला टोक लावून ठेवा आणि बाजूंनी किंचित दाबून बघा.

हा रेटा थोडाफार सगळ्याच घरांत असतो. फरशी उठते ती जिथे पकड नसते तिथे. उठलेली टाइल उलटी केली की बहुतेक वेळा पाठ धुतल्यासारखी स्वच्छ दिसते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही (०.५ टक्क्यांहून कमी), त्यामुळे सिमेंटची स्लरी (सिमेंट-पाण्याचा पातळ लगदा) तिला धरत नाही. त्यात पाठीवर भट्टीतली पांढरी पावडर असते. बोट फिरवलं तर बोटाला लागते. ती न पुसता चार कोपऱ्यांत मसाल्याचे चार गोळे आणि मधे एक ठेवून टाइल बसवली, तर खाली पोकळीच राहणार.

म्हणून आम्ही पाठ ओल्या फडक्याने पुसतो, आयएस १५४७७ (टाइल ॲडेसिव्हचं भारतीय मानक) प्रमाणे टाइप २ किंवा वरच्या दर्जाचं ॲडेसिव्ह दातेरी थापीने सगळीकडे पसरतो, टाइल्समध्ये सांधा राखायला २ मिमी स्पेसर घालतो आणि भिंतीलगत ८ मिमी जागा मोकळी सोडतो. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली, झाकली जाते. "सांधा दिसायला नको, टाइलला टाइल भिडवून लावा" असा आग्रह पुष्कळजण करतात. तसं काम आम्ही घेत नाही, कारण दोन वर्षांनी तीच फरशी तुमच्या पायाखाली उठते.

आधीच उठली असेल तर तेवढ्याच दोन टाइल्स परत चिकटवून भागत नाही, रेटा शेजारच्या ओळीत सरकतो. आधी भिंतीलगतचा सिमेंटचा भराव काढून फरशीला मोकळी जागा द्यावी लागते. भोकं पाडून आत सिमेंट सोडायला काहीजण सुचवतील. त्याने पोकळी भरते, पण पावडर लागलेली पाठ काही धरत नाही.

आम्ही येण्याआधी एक रुपयाच्या नाण्याने टाइल्स ठोकून बघा. जिथे बद्द आवाज येईल तिथे खडूने फुली मारून ठेवा, आणि त्या भागातलं कपाट किंवा पलंग तेवढा हलवून घ्या.