स्टॅन ली चित्रं काढायचा? नाही हो!

'स्पायडरमॅन स्टॅन लीने काढला' असं अजूनही लोक बिनधास्त ठोकून देतात. अहो, तो मार्वल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचा लेखक-संपादक होता, १९६२ मध्ये स्पायडरमॅनची पहिली गोष्ट काढली स्टीव्ह डिटकोने. आणि मार्वलमध्ये तेव्हा आधी पूर्ण स्क्रिप्ट वगैरे भानगड बऱ्याचदा नसायचीच, नुसती गोष्टीची ढोबळ कल्पना द्यायचे, मग कुठल्या चौकटीत काय घडणार हे चित्रकारच ठरवून पानं काढायचा, कडेला पेन्सिलीने टिपा लिहायचा, आणि स्टॅन संवाद भरायचा नंतर! १९६६ च्या एका अंकासाठी चित्रकार जॅक कर्बीने पानं आणून दिली तर त्यात सर्फबोर्डवर एक चंदेरी माणूस, स्टॅनने सांगितलेलाच नव्हता 😄 तोच सिल्व्हर सर्फर हा मार्वलचा हिरो. शाई, रंग, संवादाच्या फुग्यातली अक्षरं करणारे तर बऱ्याचदा अजून वेगळेच.