शेखाडीचा किनारा आणि एक जुना गैरसमज

मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स १९९३ मध्ये रायगडमधील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले. संयुक्त राष्ट्रांचे ठराव कागदीच असतात, परदेशी पळालेला आरोपी हाती लागत नाही, असा समज तेव्हापासून कोकणात ऐकू येतो. तो खरा नाही. सुरक्षा परिषदेचा २००१ चा ठराव १३७३ सर्व सदस्यदेशांना बंधनकारक असून, दहशतवाद्यांचा पैसा रोखणे आणि त्यांना आश्रय नाकारणे ही कर्तव्ये तो घालून देतो. याच स्फोटांच्या खटल्यातील अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये भारताकडे सोपवले; फाशी न देण्याची हमी घेऊनच, आणि ती अट रास्तच होती. दाऊद इब्राहिम मात्र अद्याप फरार आहे. दहशतवादाची सांगड कोणत्याही धर्माशी घालू नये, असे आमसभेच्या २००६ च्या दहशतवादविरोधी धोरणात नमूद आहे. किनाऱ्यावरील मुसलमान मच्छीमारांवर सरसकट संशय घेणे त्यात बसत नाही.