वॉल्सिंगम यात्रामार्ग

वॉल्सिंगम यात्रामार्ग : इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातील लिटल वॉल्सिंगम येथील, येशूची माता मारिया हिच्या, आता नामशेष झालेल्या प्रार्थनामंदिराकडे जाणाऱ्या मध्ययुगीन वाटा. नाझरेथमधील मारियेच्या घराची प्रतिकृती मानलेल्या या लाकडी वास्तूस ‘पवित्र गृह’ म्हणत.

स्थापनाकाल वादग्रस्त आहे. रिचर्ड पिन्सनने सु. १४९६ मध्ये छापलेल्या कथाकाव्यानुसार रिशेल्डिस द फावर्श या विधवेस दृष्टान्त होऊन १०६१ मध्ये हे गृह उभे राहिले. मात्र जेफ्री द फावर्श याने आपल्या आईने स्थापिलेले प्रार्थनामंदिर एडविन या धर्मसेवकास दिल्याची सनद बाराव्या शतकाच्या मध्याची आहे. ही आई म्हणजेच रिशेल्डिस असल्यास १०६१ शी मेळ बसत नाही. शिवाय फावर्श हे घराणे नॉर्मन, आणि नॉर्मनांचा (फ्रान्समधील नॉर्मंडीच्या लोकांचा) इंग्लंडवरील विजय १०६६ चा. म्हणून इतिहासकार जे. सी. डिकिन्सन यांनी (१९५६) स्थापना बाराव्या शतकात, साधारण ११३० च्या सुमारास ढकलली. तेच मत अधिक ग्राह्य वाटते. पारंपरिक सनाचे समर्थकही आहेत. गृहालगत ऑगस्टीनियन (संत ऑगस्टीनचे नियम पाळणाऱ्या ख्रिस्ती धर्मसंघाचा) मठ सु. ११५३ मध्ये झाला.

विल्यम वूस्टरने १४७९ मध्ये घेतलेल्या मापांनुसार गृहाची लांबी सु. २३ फूट ६ इंच व रुंदी सु. १२ फूट १० इंच होती. त्याभोवतीच्या अपूर्ण दगडी इमारतीत वारा घुसत असे, असे डच विद्वान इरॅस्मसच्या वर्णनावरून दिसते.

लंडनहून येणारी वाट वॉल्थम ॲबी, न्यूमार्केट, ब्रँडन, स्वॉफम, फेकनम अशी सांगतात. किंग्ज लिन व नॉरिचहूनही वाटा होत्या. यात्रेकरू प्रचलित रस्तेच वापरीत, त्यामुळे नकाशावर एकच अखंड रेषा काढण्याला फारसा आधार नाही. शेवटच्या मैलावर, हौटन सेंट जाइल्स येथे, चौदाव्या शतकातील ‘स्लिपर चॅपेल’ आहे. तेथे पादत्राणे काढून पुढे अनवाणी जात, ही समजूत रूढ आहे. पण नावाची ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही.

आठव्या हेन्रीने १५११ मध्ये स्वतः यात्रा केली. त्याच्याच राजवटीत १५३८ मध्ये मठ बरखास्त झाला व मारियेची मूर्ती लंडनला नेऊन जाळण्यात आली. स्लिपर चॅपेल पुढे धान्याचे कोठार म्हणूनही वापरले गेले. शार्लट बॉइड यांनी ते १८९६ मध्ये विकत घेतले. १९३४ पासून ते इंग्लंडमधील कॅथलिकांचे राष्ट्रीय मारियातीर्थ आहे.

गावात १९३१ मध्ये बांधलेले अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाचे) ‘पवित्र गृह’ मूळ जागीच आहे, असा त्याचे संस्थापक होप पॅटन यांचा दावा होता. १९६१ च्या उत्खननाने मूळ जागा मठाच्या चर्चच्या उत्तरेस दाखविली. तेथे आज हिरवळ व एक फलक आहे.