मूर्तींना दाखवलेला नैवेद्य

मूर्तीपुढे बळी दिलेल्या जनावराचे मांस ख्रिस्ती माणसाने खावे की नाही, हा ग्रीसमधील करिंथ शहराच्या मंडळीला (तिथल्या ख्रिस्ती समुदायाला) पडलेला प्रश्न. ही मंडळी स्थापणाऱ्या प्रेषित पौलाने त्याचे उत्तर करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या ८ ते १० या अध्यायांत दिले आहे. मूर्तिपूजक समाजात राहून निष्ठा कशी सांभाळावी, याचे इतके बारीक विवेचन नव्या करारात (बायबलच्या ख्रिस्ती भागात) दुसरीकडे क्वचितच आढळते. समाजाशी संबंध तोडणे पौलाला अभिप्रेत नव्हते. तसे केल्यास जगातूनच निघून जावे लागेल, असे तो त्याच पत्राच्या ५:१० मध्ये (अध्याय ५, वचन १०) आधीच सांगतो.

रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलेले करिंथ इ. स. पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने वसाहत म्हणून पुन्हा वसवले. पौल तेथे इ. स. ५० च्या सुमारास दीड वर्ष राहिला. ग्रीक रीतीच्या बळीत मांड्यांची हाडे व चरबी देवासाठी वेदीवर जाळत, पुजाऱ्याचा वाटा काढत, आणि उरलेले मांस पंगतीत वाढत किंवा बाजारात विकायला जाई. करिंथमध्ये अस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या देवळालगत तीन भोजनखोल्या उत्खननात सापडल्या. प्रत्येकीत ११ जणांना टेकून जेवण्याची सोय होती. लग्न, वाढदिवस अशा निमित्ताने देवळात जेवायला बोलावण्याची चाल त्या काळी होतीच. नकार देणे म्हणजे सोयरे आणि आश्रयदाते दुखावणे.

पौल एकाच मांसाबद्दल तीन ठिकाणी तीन उत्तरे देतो. देवळातल्या पंगतीला बसू नये; प्रभूच्या मेजाचा आणि भुतांच्या मेजाचा भागीदार एकाच वेळी होता येत नाही (१०:२१). बाजारात विकत मिळेल ते चौकशी न करता खावे (१०:२५). कोणी घरी बोलावले तर वाढलेले खावे. मात्र ‘हा नैवेद्य आहे’ असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी हात आवरावा (१०:२७–२९). मांस तेच असते. ते खाण्याने पाहणाऱ्यापुढे काय कबूल केले जाते, एवढेच बदलते.

चूक बहुधा ज्ञानी माणसाकडून होते. ‘मूर्ती काहीच नाही’ हे त्याचे म्हणणे पौलाला मान्यच आहे. पण त्याला देवळात जेवताना पाहून नुकताच विश्वासात आलेला माणूस स्वतःच्या मनाविरुद्ध खातो आणि जुन्या पूजेत ओढला जातो (८:१०–११). उलट टोकाची चूक म्हणजे प्रत्येक ताटाची उलटतपासणी. पौल तीही करू देत नाही.

पुढे हा प्रश्न जिवावर बेतला. सुमारे ११२ साली ख्रिस्ती लोकांना शिक्षा देणारा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला कळवले, की ज्याला गिऱ्हाईक मिळेनासे झाले होते ते बळीचे मांस पुन्हा खपू लागले आहे. २५० साली रोमन सम्राट डेसियसच्या हुकुमाने सर्वांना बळी देऊन त्याचे मांस चाखावे लागले, आणि तसे केल्याचा दाखला घ्यावा लागला. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत.

मराठी बायबलात या अन्नासाठी ‘नैवेद्य’ हाच शब्द असल्याने महाराष्ट्रातला वाचक हे अध्याय थेट शेजारच्या घरून आलेल्या प्रसादाला लावतो. त्यासाठी १०:२५ चा आधार घेतला जातो, पण तो नीट बसत नाही. बाजारातल्या मांसाचे मूळ कोणी सांगत नसे. प्रसाद मात्र ‘प्रसाद’ म्हणूनच हातावर ठेवला जातो. म्हणून तो १०:२८ खाली येतो. तेथे नकार देणाऱ्याने शेजाऱ्याच्या घरचे साधे जेवण नाकारण्याचे कारण उरत नाही. त्याला १०:२७ ची स्पष्ट मोकळीक आहे.