रोपे मिळाली, पाण्याचे काय?

नागरिकांच्या वृक्षलागवडीला नगरपालिका मदत करते ती बहुतेक वेळा रोपे देऊन. खरे तर या कामात रोप सर्वांत स्वस्त. महाग पडते ते पाणी, भुसभुशीत माती आणि पुढची तीन वर्षे, आणि नेमके तेच नागरिकांच्या गटाला एकट्याने पेलत नाही.

रोपवाटिकेतून आलेल्या रोपाची सगळी मुळे पिशवीभर मातीच्या हुंडीत, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात असतात. पाने मात्र पहिल्या दिवसापासून पाणी हवेत सोडत राहतात. भोवतालची जमीन ओली असली तरी मुळे तिथवर गेलेली नसतात, त्यामुळे कडक उन्हात हुंडी दोन-तीन दिवसांत कोरडी पडू शकते. दीड-दोन मीटर उंचीच्या रोपाला कोरड्या दिवसांत आठवड्यातून एक-दोनदा, दर वेळी २० ते ३० लिटर पाणी हुंडीवरच सावकाश सोडावे. रोज तांब्याभर घातले तर वरचा थर तेवढा भिजतो आणि मुळेही वरच राहतात. ५० झाडे म्हणजे एका फेरीला हजार ते दीड हजार लिटर! बादल्यांनी हे पहिला महिना जमते, दुसऱ्या उन्हाळ्यात नाही. म्हणून टँकरची ठरलेली फेरी किंवा जवळचा नळ वापरण्याची परवानगी ही शंभर जादा रोपांपेक्षा मोठी मदत आहे.

जागा ठरवताना जमिनीखालच्या केबल आणि जलवाहिन्यांचा नकाशा लागतो. तो मिळवून देणे नगरपालिकेलाच शक्य आहे. मातीची परीक्षा गटाने करावी. माती ओलसर असताना लांब स्क्रूड्रायव्हर हाताच्या जोराने १५ सेंटिमीटर आत गेला नाही, तर मुळांनाही तिथे शिरणे अवघड. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरून ठेवावा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले असेल तर निचरा नाही आणि हवेअभावी मुळे कुजतील. अशा ठिकाणी यंत्राने सगळा पट्टा सैल करून घ्यावा. नुसते खड्डे घेतले तर प्रत्येक खड्डा टणक जमिनीतली कुंडीच होतो.

खड्डा हुंडीच्या दोन-तीन पट रुंद, पण खोली हुंडीएवढीच. सर्वाधिक रोपे बिघडतात ती इथे. खाली भुसभुशीत माती भरली की ती दबते, रोप खाली बसते आणि बुंध्याची साल सतत ओल्या मातीत राहून कुजते. पिशवीतही बऱ्याचदा वर चार-पाच सेंटिमीटर जादा माती असते. ती बोटांनी उकरत पहिल्या जाड मुळापर्यंत जावे. तिथे बुंधा रुंदावलेला दिसतो. तो भाग जमिनीच्या पातळीवर यायला हवा. हुंडीभोवती गोल फिरलेली मुळे सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापून टाकावीत. ती तशीच राहिली तर बुंध्याबरोबर जाड होत जातात आणि दहा-पंधरा वर्षांनी चांगले वाढलेले झाड आवळून मारतात.

छाटलेल्या फांद्यांचा भुगा नगरपालिकेकडे बऱ्याचदा असतो. तो मागून घ्यावा. झाडाभोवती मीटरभर रुंदीचे, ५ ते १० सेंटिमीटर जाडीचे आच्छादन करावे; बुंध्यापासून मात्र वीतभर दूर. भुगा मातीत मिसळला तर तो कुजताना मातीतले नत्र वापरले जाते आणि झाडासाठी नत्राची ओढाताण होते, वर पसरला तर ती फक्त वरच्या पातळ थरापुरती राहते. या कड्यामुळे गवत कापण्याचे यंत्रही बुंध्यापासून लांब राहते. यंत्राच्या दोरीने साल चहूबाजूंनी सोलली गेली की पानांत तयार झालेली साखर मुळांकडे उतरत नाही. वर पाणी चढत असल्याने झाड बरेच दिवस हिरवे दिसते, पण खाली मुळे उपाशी मरत असतात. गवत कापणाऱ्या ठेकेदाराला याची लेखी सूचना हवी.

आधाराची काठी उंचीच्या एक-तृतीयांशावर, सैल बांधावी आणि वर्षाने काढावी, कारण वाऱ्यावर हलण्यानेच खोड जाड होते.

लागवडीची परवानगी हंगामाच्या आधी हातात पडली पाहिजे. त्याच कागदात पाणी कोण देणार आणि नांगे कोण भरणार (मेलेल्या रोपांच्या जागी नवी कोण लावणार), हेही लिहून घ्यावे. मोजणी लावलेल्या रोपांची नको, तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या झाडांची व्हावी. नांगे भरण्यापूर्वी मेलेले रोप उपटून त्याची मुळे जरूर पाहावीत. सुकी, ठिसूळ मुळे बहुधा पाणी कमी पडल्याची खूण. काळी, मऊ आणि वास मारणारी असतील तर निचऱ्याची अडचण. हुंडी पिशवीच्याच आकाराची राहिली असेल तर मुळे बाहेर पडलीच नव्हती, म्हणून नवे रोप लावण्याआधी आजूबाजूची माती सैल करावी.