पहाटेची फुंकर: दम्याच्या घरगुती मोजणीची पार्श्वभूमी
दम्याचा रुग्ण तपासणीला जातो तो बहुधा दिवसा, आणि त्याच्या श्वासनलिका सर्वाधिक आवळतात त्या पहाटे. रात्री छाती भरून आल्यामुळे उशीला टेकून बसून राहिलेला माणूस सकाळी अकराला डॉक्टरांसमोर बसतो, तेव्हा त्याच्या छातीत घरघरही ऐकू येत नाही. हा विरोध वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. तो आकड्यांत पकडणारे साधन मात्र रुग्णाच्या उशापाशी पोहोचायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

फुप्फुसांच्या मोजणीचा प्रारंभ जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांपासून धरतात. पाण्यावर तरंगणाऱ्या, फुंकरीसरशी वर उचलल्या जाणाऱ्या भांड्याचा स्पायरोमीटर वापरून त्यांनी दोन हजारांहून अधिक माणसांची मोजमापे १८४६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातून एकूण किती हवा बाहेर पडते ते कळे; दम्यात खरी अडचण असते ती हवा वेगाने बाहेर टाकण्याची. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे पाहण्याची कल्पना फ्रान्समध्ये टिफनो आणि पिनेली यांनी १९४७ मध्ये मांडली आणि ती आजही प्रमाण मानली जाते. यंत्रे मात्र प्रयोगशाळेतच राहिली.

मार्टिन राइट आणि कॉलिन मॅककेरो यांनी १९५९ मध्ये सादर केलेले पीक फ्लो मीटर हातात धरता येत होते. गोल डब्यात स्प्रिंगच्या विरोधात फिरणारे एक पाते, आणि फुंकर संपली तरी पोहोचल्या जागीच थांबणारा काटा, अशी त्याची रचना होती. त्यात दिसे तो फक्त फुंकरीचा सर्वोच्च वेग, मिनिटाला अमुक लिटर. पुढे राइट यांनीच १९७८ मध्ये त्याची नळीसारखी, हलकी आणि स्वस्त आवृत्ती पुढे आणली, आणि रुग्णाला मीटर घरी देणे व्यवहार्य झाले. त्याच्या आदल्याच वर्षी मार्गारेट टर्नर-वॉरविक यांनी दीर्घकालीन दम्यातील चढउतारांचे नमुने वर्णिले होते; सकाळी आकडा कोसळणारे रुग्ण त्यात वेगळे ओळखू आले. माझ्या मते या इतिहासाचा कणा हाच आहे: एका वेळच्या आकड्यापेक्षा सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतील अंतर अधिक बोलके ठरले.

रुग्णाच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर हिरवा, ५० ते ८० मध्ये पिवळा आणि त्याखाली लाल, अशी सिग्नलच्या दिव्यांची विभागणी १९९० च्या दशकात रूढ झाली. कोणत्या पट्ट्यात औषध कसे वाढवायचे आणि रुग्णालय कधी गाठायचे, हे रुग्णाला आधीच लिहून दिले जाई. मात्र केवळ लक्षणांवर आधारलेली लेखी योजनाही बहुतेकांना तितकीच उपयोगी पडते, असे पुढील चाचण्यांत आढळले. त्यामुळे रोजच्या मोजणीचा आग्रह सैलावला आणि ज्यांना आपला श्वास अडतो आहे हे उशिरा जाणवते किंवा ज्यांचा दमा तीव्र आहे, अशांसाठी ती प्रामुख्याने सुचवली जाऊ लागली.

विश्वासाचे प्रश्न दोन ठिकाणी उभे राहिले. मीटरमध्ये छुपी स्मृती बसवून केलेल्या पाहण्यांत वहीतील काही आकडे फुंकर न मारताच लिहिलेले निघाले. (तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने आठवड्याचा रकाना भरणे कोणालाही सुचण्यासारखे आहे.) दुसरा दोष खुद्द पट्टीचा होता. राइट यांची मूळ मोजपट्टी मधल्या टप्प्यात प्रत्यक्षापेक्षा अधिक वेग दाखवत असे, म्हणून ब्रिटनमध्ये २००४ पासून नवी युरोपीय पट्टी लागू झाली. त्याच रुग्णाची तीच फुंकर नव्या मीटरवर कमी भरू लागली, आणि सर्वोत्तम आकडा नव्याने ठरवून लेखी योजना पुन्हा लिहाव्या लागल्या.

आजचे घरगुती स्पायरोमीटर मोबाइलला जोडले जातात आणि फुंकरीची वेळ आपोआप नोंदवतात, त्यामुळे वहीतली लबाडी उरत नाही. उरते ती फुंकर: पूर्ण श्वास भरून, ओठ घट्ट आवळून, एका झटक्यात मारायची, तीनदा, आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरायचा.